एका फोननं मिटलं असतं: रोमँटिक कॉमेडीच्या एका पटकथेचं पुनर्लेखन

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्ण लांबीच्या एका रोमँटिक कॉमेडीच्या पटकथेचं आहे. लेखिका आणि दिग्दर्शक यांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि कथेतले काही तपशील बदलले आहेत.

कथेची एक ओळ अशी: एक जुनं ग्रंथालय बंद होणार आहे, त्यातली पुस्तकं नोंदवून, खोक्यांत भरून सहा आठवड्यांत जागा रिकामी करायची आहे, आणि या कामावर नेमलेले दोन अनोळखी लोक प्रेमात पडतात. ती प्रत्येक गोष्टीचा दोन्ही बाजूंनी विचार करते आणि निर्णय पुढे ढकलते. तो कुठल्याही गंभीर क्षणी विनोद करतो. तिसरं महत्त्वाचं पात्र निवृत्तीला आलेल्या ग्रंथपालांचं.

पहिला मसुदा १२४ पानांचा होता, ६१ प्रसंगांचा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हे गणित धरलं तर दोन तासांच्या वर. या जातीच्या चित्रपटाला एवढी लांबी जड जाते. पण लांबी हे दुखणं नव्हतं, लक्षण होतं.

दिग्दर्शकाची अपेक्षा एकच होती: बघणाऱ्याला हा चित्रपट ‘आपला’ वाटला पाहिजे. काही रोमँटिक कॉमेडी लोक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बघतात. शेवट माहीत असतो, संवाद पाठ असतात, तरी बघतात, कारण त्यातलं कुणीतरी अगदी आपल्यासारखं वागतं. तसं काही या मसुद्यात घडत नव्हतं. वाचणारे ‘छान आहे’ म्हणत आणि विषय बदलत.

अडचण

मसुदा पाच जणांना वाचायला दिला. कथेचा सारांश आधी सांगितला नाही. वाचताना पेन्सिलनं तीनच खुणा करायच्या होत्या: हसू आलं तिथे समासात उभी रेघ, वाचन थांबवून बाजूला ठेवलं तिथे फुली, आणि ‘आता पुढचं कळलं’ असं वाटलं त्या पानाचा कोपरा दुमडायचा. वाचून झाल्यावर प्रश्नही तीनच. कुठे थांबलात? तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? वाचताना कुणाची आठवण झाली का? (‘आपलंसं वाटलं का?’ हा प्रश्न मुद्दाम टाळला. त्याला समोरचा माणूस सभ्यपणे ‘हो’ म्हणतो आणि हाती काही लागत नाही.)

पाचही प्रती शेजारी ठेवल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पहिल्या चाळीस पानांत रेघा भरपूर होत्या. ८४ ते १०६ या पानांवर एकही रेघ नव्हती, फुल्या मात्र होत्या.

८२ व्या पानावर काय होतं? नायिका नायकाला एका बाईचा हात धरून बसलेलं पाहते. ती त्याची बहीण असते. नायिका काही न विचारता निघून जाते, पुढची चोवीस पानं दोघं बोलत नाहीत, मग बहीणच येऊन उलगडा करते, आणि नायक पावसात धावत सुटतो. दुसऱ्या प्रश्नाला चार जणांनी जवळजवळ सारखंच उत्तर दिलं: ‘मी एक फोन केला असता.’

या उत्तरातच सगळं निदान आहे. आपण त्या जागी असतो तर हे झालंच नसतं, असं प्रेक्षकाला वाटलं की तो पात्रापासून सुटा होतो. गैरसमज ही माहितीची अडचण असते. माहिती मिळाली की ती संपते आणि माणसाला बदलावं लागत नाही. बहीण येते, खरं सांगते, नायिका होती तशीच राहते, नायकही. प्रेक्षकाला स्वतःच्या आयुष्यात टोचणाऱ्या गोष्टी अशा नसतात. समोरच्याच्या मनात काय आहे ते बहुतेक वेळा आपल्याला नीट ठाऊक असतं, आणि ठाऊक असूनही आपण तोंड उघडत नाही.

याच्याच पोटात दुसरी अडचण होती. नायिकेचं निर्णय टाळणं आणि नायकाचं विनोदाआड लपणं हे दोन्ही स्वभाव पहिल्या भागात मजेदार होते, पण कथेच्या मुख्य पेचाशी त्यांचा काही संबंध नव्हता. हसू एका गोष्टीतून येत होतं आणि दुःख भलत्याच गोष्टीतून. म्हणून मध्यावर एक चित्रपट संपून दुसरा सुरू झाल्यासारखं वाटत होतं.

समोरचे पर्याय

चार पर्याय चर्चेत आले.

पहिला, गैरसमज ठेवायचा पण पक्का करायचा: फोन हरवलेला, निरोप न पोचलेला, तिला परगावी जावं लागलेलं. यात काम कमी होतं, आराखडा मोडत नव्हता. पण असा प्रत्येक ‘पक्का’ अडथळा समजावून द्यायला दीड-दोन पानं खातो आणि योगायोगाचा वास वाढवतो.

दुसरा, बाहेरचा अडथळा: त्याला दुसऱ्या शहरात नोकरी, किंवा घरच्यांचा विरोध. दिग्दर्शकाचा कल इकडे होता आणि तो अवाजवी नव्हता, कारण बाहेरचा अडथळा दिसतो, त्याचे प्रसंग रचता येतात. मात्र सहा आठवड्यांची मुदत हा बाहेरचा दाब कथेत आधीच होता. त्यावर दुसरा चढवला असता तर दोन घड्याळं एकाच वेळी वाजत राहिली असती.

तिसरा, विनोद कमी करून सरळ भावनाप्रधान प्रेमकथा करायची. हा पर्याय फार वेळ टिकला नाही. पहिली चाळीस पानं हीच मसुद्याची जमेची बाजू होती.

चौथा, अडथळा पात्रांच्या आतूनच काढायचा. पहिल्या भागात ज्या सवयीवर प्रेक्षक हसला, तीच सवय नंतर दुखावणारी ठरली पाहिजे. हा निवडला. याची किंमत सगळ्यांना माहीत होती: ५० व्या पानानंतरचं जवळजवळ सगळं नव्यानं लिहावं लागणार होतं.

काय केलं

आधी कार्डं. ६१ प्रसंगांची ६१ कार्डं केली. प्रत्येकावर प्रसंगाचं नाव, आणि खाली दोनच गोष्टी: प्रसंग सुरू होताना दोघांमधलं अंतर एक ते दहाच्या मापात किती, संपताना किती. दोन्ही आकडे सारखे आले ती कार्डं बाजूला काढली. बाजूच्या गठ्ठ्यात काही फार गोड संवाद होते, लेखिकेचा आवडता गच्चीवरचा प्रसंगही होता. तो वाचायला सुंदर होता, पण त्यानंतर काहीच हललेलं नव्हतं. शेवटी ४८ प्रसंग उरले. नायिकेच्या दोन मैत्रिणी होत्या. त्यांचं काम फक्त सल्ला देण्याचं असल्यानं पुढे, दुसऱ्या मसुद्यानंतर, दोघींनाही काढून ते काम ग्रंथपालांकडे दिलं. त्यांना स्वतःचं एक दुखणं आहे: चाळीस वर्षं सांभाळलेली जागा सोडायची आहे. स्वतःच्या चिंतेत असलेला माणूस सल्ला देतो तेव्हा तो थोडा चुकीचा देतो, आणि त्यातून विनोद आपोआप होतो.

मग भीतीचं वाक्य. प्रत्येक पात्रासाठी एक वाक्य पुरं करायचं होतं: ‘मी अमुक केलं, तर तमुक होईल.’ तिचं ठरलं, ‘मी हो म्हटलं, तर मागे फिरता येणार नाही.’ त्याचं ठरलं, ‘मी गंभीर बोललो, तर लोकांना माझ्याजवळ थांबायला कारण उरणार नाही.’ ही दोन वाक्यं संवादात कुठेही म्हणायची नाहीत असा नियम केला. ती भिंतीवर चिकटवली आणि प्रत्येक प्रसंग त्यांना ताडून पाहिला.

आता ही भीती दिसणार कशी? पडद्यावर मनातलं दाखवायला वस्तू लागते. १९३४ च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये एकाच खोलीत रात्र काढावी लागलेल्या दोघांच्या मध्ये दोरीवर घोंगडं टांगलेलं असतं; तेच त्यांच्यातलं अंतर, आणि शेवटी तेच खाली पडतं. इथे वस्तू कामातच सापडली. पुस्तकांवर तीन प्रकारच्या चिठ्ठ्या लावायच्या असतात: ‘ठेवायचं’, ‘द्यायचं’, ‘ठरवायचं’. तिचा ‘ठरवायचं’ गठ्ठा वाढतच जातो. १६ व्या पानावर त्या गठ्ठ्यानं दार अडतं आणि ग्रंथपालांना खिडकीतून आत यावं लागतं. हे हसवणारं आहे, आणि नकळत तिची ओळखही करून देतं.

पुढे ७१ वं पान. या पानावर सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. काम संपत आलेलं. तो गमतीत एका कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहितो आणि ‘ठरवायचं’च्या गठ्ठ्यावर ठेवतो. ती हसते. तोही हसतो. मग तो हसायचं थांबतो आणि वाट बघतो. तिच्यासमोर दुसरे दोन गठ्ठे आहेत, हात लांब करायचा अवकाश. ती चिठ्ठी उचलते, नीट सरळ करते, आणि होती तिथेच ठेवते.

इथे गैरसमज अजिबात नाही. त्याला काय विचारायचं होतं ते तिला कळलं आहे, तिनं काय उत्तर दिलं ते त्याला कळलं आहे. एका फोननं हे मिटणार नाही. शिवाय दोघांच्याही सवयी या एकाच कृतीत एकत्र आल्या: त्यानं आयुष्यातला सर्वांत खरा प्रश्न विनोदाच्या वेशात विचारला, तिनं सर्वांत महत्त्वाचा निर्णय गठ्ठ्यावर ठेवून दिला. ज्या दोन गोष्टींवर प्रेक्षक सत्तर मिनिटं हसला त्याच आता त्याला लागतात, आणि हे सगळं संवादाच्या एका शब्दाशिवाय होतं.

पहिल्या लेखनात या प्रसंगाला सहा वाक्यांचा संवाद होता. ती म्हणायची, ‘मला वेळ हवाय.’ हे वाक्य काढल्यावर प्रसंग उभा राहिला. ‘वेळ हवाय’ म्हणणारी बाई स्वतःला ओळखते. आपल्या नायिकेला अजून स्वतःची ओळख व्हायची आहे.

संबोधनांचाही आराखडा केला. पहिल्या मसुद्यात दोघं तिसऱ्या पानापासून ‘अरे-तुरे’ करत होते. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातातलं फार मोठं साधन असं सुरुवातीलाच खर्च झालं होतं. नव्या मसुद्यात सहकारी म्हणून दोघं ‘तुम्ही’वर आहेत. ४७ व्या पानावर पुस्तकांचं कपाट कलतं आणि तिच्या तोंडून निघतं, ‘अरे, सांभाळ!’ पुस्तकं पडतात. दोघं ती उचलतात. तो म्हणतो, ‘तुम्हाला लागलं नाही ना?’ ती म्हणते, ‘नाही. तुला?’ यावर कुणी काही बोलत नाही, आणि पुढच्या प्रसंगात दोघं सहज ‘तू’ म्हणत असतात. ७१ व्या पानानंतर दुसऱ्या सकाळी ती विचारते, ‘तुम्ही चहा घेणार?’ टेबल वाचनात, म्हणजे नटांनी एकत्र बसून पटकथा मोठ्यानं वाचली तेव्हा, या ओळीला खोलीत एकदम शांतता झाली.

दुसऱ्या मसुद्यात काय बिघडलं

दोन गोष्टी बिघडल्या, आणि या प्रकारच्या पुनर्लेखनात त्या हमखास बिघडतात.

एक, नायिका निष्ठुर वाटू लागली. त्यावर लेखिकेनं लगेच एक जुना प्रेमभंग लिहिला, दोन पानांचं मनोगत. ते भावपूर्ण होतं, पण कारण देताच तिचा स्वभाव तिच्या एकटीचा झाला. ‘तिच्या बाबतीत तसं घडलं होतं म्हणून ती अशी’ एवढं कळलं की ज्याच्या बाबतीत तसं घडलं नाही तो प्रेक्षक मोकळा सुटतो. मनोगत काढलं. त्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या पानाचे दोन प्रसंग घातले, ज्यांत निर्णय लांबवण्याची किंमत ती स्वतः मोजताना दिसते: एकात तिला हवं असलेलं पुस्तक ती ‘ठरवायचं’मध्ये ठेवते आणि दुसरंच कुणी ते घेऊन जातं, दुसऱ्यात ती मोबाइलवर चार ओळी लिहिते, पुसते, आणि शेवटी नुसता अंगठा पाठवते. दुसरा प्रसंग वाचून नव्या वाचकांपैकी तिघांनी समासात रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, ‘मी.’

दुसरी गोष्ट, शेवटचा तिसरा भाग उदास झाला. नायकाच्या तोंडचे विनोद काढल्यावर हसूच गेलं. विनोद परत घालणं हा उपाय नव्हता, कारण तो बदलतोय हेच दाखवायचं होतं. उपाय असा सापडला: आता हसू विनोद करण्यातून येत नाही, न करण्याच्या धडपडीतून येतं. तो ग्रंथपालांसमोर गंभीर बोलण्याचा सराव करतो. दर तिसऱ्या शब्दाला कोटी सुचते, ती गिळताना चेहरा वाकडा होतो, आणि ग्रंथपाल विचारतात, ‘पोट बरं आहे ना?’ असे तीन प्रसंग शेवटच्या तीस पानांत बसवले.

शेवटाचा निर्णय

पावसातलं धावणं गेलं होतं, त्याच्याबरोबर नायकाचं दीड पानाचं भाषणही. जागी काय आणायचं यावर मतभेद झाले.

दिग्दर्शकाला शेवट मोकळा सोडायचा होता: दोघं रिकाम्या खोलीत, उत्तर नाही. यामागे प्रामाणिकपणाचा आग्रह होता. याला मोठी उदाहरणंही आहेत. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) या नोरा एफ्रन यांनी लिहिलेल्या आणि रॉब रायनर यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात सुरुवातीच्या विचारानुसार ते दोघं एकत्र येणार नव्हते, शेवट नंतर बदलला. पण या पटकथेत मोकळा शेवट म्हणजे चित्रपटानंच चिठ्ठी ‘ठरवायचं’वर ठेवून देणं. नायिकेच्या ज्या सवयीची किंमत शंभर मिनिटं दाखवली, तिच्यावरच शिक्का मारल्यासारखं झालं असतं. म्हणून उत्तर हवं, हे ठरलं.

आधी कोण बोलणार? दुसऱ्या मसुद्यात तो गंभीरपणे विचारतो आणि ती हो म्हणते. हे नीटनेटकं होतं आणि तरी पोकळ वाटलं. कारण ७१ व्या पानावर प्रश्न विचारून झालेला आहे. बाकी आहे ते उत्तर, आणि ते तिच्याकडे आहे. त्यानं पुन्हा विचारलं तर ती पुन्हा दुसऱ्यानं मांडलेल्या प्रश्नावर फक्त मान हलवते. तिसऱ्या मसुद्यात क्रम उलटला. शेवटचा दिवस. ती उरलेला गठ्ठा एका दमात संपवते, हाताला येईल तशी चिठ्ठी लावत. तळाशी त्याच्या नावाची चिठ्ठी. ती घेऊन ती त्याच्याकडे जाते आणि म्हणते, ‘ही मी ठेवते आहे. चालेल?’ आता भीतीची पाळी त्याची. तो तोंड उघडतो. कोटी जिभेवर आलेली प्रेक्षकाला दिसते. तो ती गिळतो. ‘चालेल.’

इथे प्रेक्षकाला हसू आणि धाकधूक एकाच वेळी होते, कारण तो आता काय बोलून बसेल याची सवय प्रेक्षकाला शंभर पानं लावलेली आहे.

टेबल वाचन

तिसऱ्या मसुद्याचं वाचन नटांकडून करून घेतलं. मुख्य भूमिका दोघांनी, बाकी भूमिका आणखी दोघांनी आणि सूचना पाचव्यानं वाचल्या. लेखिकेनं काहीच वाचायचं नाही, बोलायचंही नाही. तिनं वाचलं तर ती नकळत कमकुवत ओळी आवाजानं सावरते. सगळं ध्वनिमुद्रित केलं. नंतर ऐकताना दोन याद्या केल्या: हसू आलं ती वेळ, आणि नटानं ओळ स्वतःच्या तोंडात बसेल अशी बदलली ती जागा. दुसरी यादी जास्त उपयोगी पडते. नट पुन्हा पुन्हा बदलतो ती ओळ बहुधा लिहिलेली असते, बोललेली नसते. अशा बावीस ओळी निघाल्या. बहुतेक नायिकेच्या होत्या आणि बहुतेकींत वाक्य पूर्ण होतं. निर्णय टाळणारी बाई वाक्यं अर्धी सोडते, हे नटीच्या जिभेला लेखिकेच्या आधी कळलं होतं.

परिणाम

अंतिम मसुदा १०४ पानांचा झाला. नव्या पाच वाचकांना तेच तीन प्रश्न दिले. ‘एक फोन केला असता’ हे उत्तर कुणीच दिलं नाही. ‘तिच्या जागी काय केलं असतंत?’ यावर दोघांनी लिहिलं, ‘हेच’. एकानं जागा कोरी ठेवली. हसण्याच्या रेघा शेवटपर्यंत पोचल्या, फक्त ७१ ते ७८ ही पानं कोरी राहिली, आणि ती तशीच हवी होती.

नवी तक्रारही आली. एका वाचकाला नायिका शेवटपर्यंत आवडली नाही. तिला आणखी सौम्य करायचं का, यावर विचार झाला आणि नको असं ठरलं. एखाद्याला ती खटकणं ही ती दुसऱ्याला नेमकी लागण्याची दुसरी बाजू आहे. दिग्दर्शकानं पटकथा चित्रीकरणासाठी स्वीकारली.

वेगळं काय करता आलं असतं

टेबल वाचन फार उशिरा झालं. कार्डं लावून झाल्यावर, संवाद लिहिण्याआधी, नटांना फक्त प्रसंग सांगून तात्पुरत्या संवादांवर सोडलं असतं तर अर्ध्या वाक्यांची गोष्ट महिनाभर आधी कळली असती. मैत्रिणींचं पात्र काढण्याचा निर्णयही दुसऱ्या मसुद्याचे संवाद लिहून झाल्यावर झाला. त्यांच्या पंधरा पानांची मेहनत वाया गेली.

नवे पाचही वाचक साधारण एका वयाचे होते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा आणि परत जाण्याचा परिणाम त्यांच्यावर झाला, पण जे कामाच्या जागी पहिल्या दिवसापासून एकेरीत बोलतात त्यांना ४७ वं पान तेवढं लागेल का, हे तपासलं गेलं नाही. निदान दोन तरुण वाचक हवे होते.

आणि गच्चीवरचा प्रसंग. तो कार्डांच्या मापावर नापास झाला म्हणून गेला, आणि माप बरोबरच होतं. तरी दोघं काहीही न ठरवता नुसते एकत्र असण्याचा एकही प्रसंग आता पूर्वार्धात उरलेला नाही. चित्रीकरणाच्या वेळापत्रकात अर्धा दिवस मोकळा मिळाला तर त्याची एका पानाची, जवळजवळ बिनसंवादाची आवृत्ती ३० व्या पानाच्या आसपास घ्यावी आणि ठेवायची की नाही ते संकलनाच्या टेबलावर ठरवावं, असं लेखिका आणि दिग्दर्शक यांच्यात ठरलं आहे.